आशा, धास्ती आणि धानाची कोठी

भविष्याविषयी निश्चित असे कोणालाच काही ठाऊक नसते; तरीही माणसाचा प्रत्येक व्यवहार भविष्यावर नजर ठेवूनच होतो. निवृत्तीच्या रकमेची मुदत ठेव करणारा शिक्षक, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारे आईवडील, दिवाळीच्या दोन महिने आधी माल भरून ठेवणारा दुकानदार हे सारे अजून न घडलेल्या गोष्टीवर पैसा लावीत असतात. कोणी आशेने लावतो, कोणी धास्तीने. काउंटरवर दोघांच्याही हाती पडणारी पावती मात्र एकाच छापाची असते.

ही आशा आणि ही धास्ती प्रत्यक्षात कशी वागते हे पाहण्यासाठी रायपूर आणि त्याच्या भोवतालचे छत्तीसगडचे मैदान हे उत्तम ठिकाण आहे. मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. १७५८ ते १७८७ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांच्यामागून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथेच रुजली आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यात आजही मराठी कानावर पडते. या मैदानाला ‘धानाचा कटोरा’ म्हणतात. कटोरा भरला की घर भरते. रिता राहिला की काय होते, याचा अनुभव या प्रदेशाने अनेकदा घेतला आहे.

पाण्याची वाट पाहणारी शेती

खारून, शिवनाथ आणि महानदीच्या या खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकून मराठवाड्यातील शेतकऱ्याला हेवा वाटेल. परंतु धानाला नुसता पाऊस पुरत नाही, तो वेळेवर लागतो. येथील जुनी पद्धत ‘बियासी’ची. पहिल्या पावसाबरोबर बी फेकून पेरायचे (पूर्व विदर्भात यालाच आवत्या म्हणतात) आणि महिना-सव्वा महिन्याने बांधीत वीतभर पाणी साचले की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवायचा. त्याने तण मरते, दाट उगवलेली रोपे विरळ होतात आणि उरलेल्या रोपांच्या मुळांना मोकळी जागा मिळते. ज्याने हे पाहिलेले नाही त्याला उभ्या पिकात नांगर घालणे म्हणजे वेडेपणा वाटेल. पण बियासीसाठी बांधीत पाणी हवे. ते आषाढाच्या अखेरीस आले नाही तर तण वाढते, रोपे कोमेजतात आणि पेरणीवर घातलेला पैसा, बी व श्रम दिवसेंदिवस हातातून निसटू लागतात. पुन्हा पेरावे की थांबावे, हा प्रश्न अशा वेळी केवळ शेतीचा राहत नाही. तो घरच्या भांडवलाचा प्रश्न होतो.

या अनिश्चिततेला तोंड देण्यासाठी येथील शेतकऱ्याने कोणाच्या सल्ल्याविना एक व्यवस्था उभी केली. येथे जमिनीचे चार प्रकार मानतात: मुरमाड भाटा, पिवळसर हलकी मटासी, मध्यम डोरसा आणि काळीभोर कन्हार. उंचावरच्या हलक्या जमिनीत लवकर येणारे धान अथवा कोदो-कुटकी, मधल्या जमिनीत मध्यम मुदतीचे धान, आणि खोलगट, पाणी धरणाऱ्या कन्हारीत उशिरा पिकणारे धान अशी वाटणी केली जाते. पाऊस लवकर आटोपला तर हलके धान हाती लागते, लांबला तर भारी धान साधते. धानाची कापणी होण्यापूर्वीच त्याच बांधीतील ओलीवर लाखोरीसारखे पीक टाकून ठेवण्याची ‘उतेरा’ पद्धतही याच विचारातून आलेली आहे. गुंतवणूक सल्लागार आज ज्याला जोखमीची विभागणी म्हणतात, ती या बांध्यांमध्ये फार पूर्वीपासून चालत आली आहे.

याहून नवलाची प्रथा ‘लाखाबाटा’ची. ब्रिटिशांच्या जमाबंदीच्या कागदपत्रांत तिची नोंद आहे. गावातील जमिनीची ठरावीक काळाने नव्याने वाटणी व्हायची आणि प्रत्येक कुळाच्या वाट्याला चांगली-वाईट, उंच-सखल अशी सर्व प्रकारची जमीन थोडी थोडी येईल असे पाहिले जायचे. एकाच्याच कपाळी सगळी भाटा येऊ नये, हा तिचा हेतू. कायमचे खातेदार ठरले तशी ही प्रथा मागे पडली. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण जी जमीन उद्या दुसऱ्याची होणार तिच्यात बांधबंदिस्ती कोण करणार? धास्ती सर्वांत वाटून घेतली की कधीकधी आशाही वाटली जाते आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही.

अंदाज आणि अंदाजाचा भरवसा

पुढे काय होणार हे आधी कळावे, ही ओढ सार्वत्रिक आहे. छत्तीसगडात ‘अक्ती’ला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शेतीचे नवे वर्ष सुरू होते आणि गावदेवासमोर बियाणे ठेवले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणीही याच दिवशी होते. घागरीखालची मातीची चार ढेकळे पावसाळ्याच्या चार महिन्यांची मानून दुसऱ्या दिवशी भाकीत सांगितले जाते आणि ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. शास्त्रीय कसोटीवर हे टिकत नाही. परंतु तेथे जाणारा प्रत्येक शेतकरी भाबडा असतो असे समजणेही चूक आहे. चार महिने टांगत्या तलवारीखाली काढण्यापूर्वी कोणीतरी काहीतरी ठामपणे सांगावे, एवढीच अनेकांची गरज असते.

हवामान खात्याची स्थापना १८७५ ची आणि त्याचा पहिला मोसमी अंदाज १८८६ चा. त्यामागेही दुष्काळाचीच धास्ती होती. शास्त्राने खूप प्रगती केली तरी २००२ हे साल विसरता येत नाही. त्या वर्षी खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज वर्तविला होता. प्रत्यक्षात देशभर ८१ टक्केच पाऊस झाला, आणि ऐन जुलै महिन्यात तो निम्म्यावर आला. जुलै म्हणजे बियासीचा महिना. १ नोव्हेंबर २००० रोजी जन्मलेले छत्तीसगड राज्य तेव्हा दोन वर्षांचेही झाले नव्हते. नव्या राज्याविषयी, नव्या राजधानीविषयी रायपूरकरांच्या मनात मोठ्या आशा होत्या. आणि शहरापासून दहा-वीस किलोमीटरवर धान सुकत होते.

योगायोग असा, की त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाला मिळाले. त्यांनी आमोस त्वर्स्की यांच्यासमवेत १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त बँकेच्या प्रत्येक कर्मचाऱ्याने समजून घ्यावा असा आहे. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचे दुःख यांचे वजन सारखे नसते. गेल्याचे दुःख साधारण दुपटीने जड असते. छापा पडला तर शंभर रुपये द्यावे लागतील असा डाव मांडला, तर काटा पडल्यावर दोनशेच्या आसपास मिळाल्याशिवाय बहुतेक लोक खेळायला तयार होत नाहीत. शेतकरी नवे बियाणे किंवा जास्त खत वापरायला का कचरतो, ठेवीदार वर्षानुवर्षे सर्व रक्कम बचत खात्यातच का पडू देतो, याचा उलगडा यातून होतो. या सिद्धान्ताची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. नुकसान झालेलेच आहे असे ज्याला वाटते, तो ते भरून काढण्यासाठी अधिक मोठा धोका पत्करतो. दुबार पेरणी वाया गेल्यावर तिसऱ्यांदा कर्ज काढणारा शेतकरी आणि पडत्या बाजारात तोट्याचे शेअर्स वाढवीत जाणारा गुंतवणूकदार हे एकाच मनःस्थितीत असतात. त्या वेळी आशा आणि धास्ती यांतले अंतर नाहीसे झालेले असते.

दुष्काळाच्या सालातील दोन मित्र

२००२ पेक्षा कितीतरी भीषण काळ या प्रदेशाने शंभर वर्षांपूर्वी पाहिला होता. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा, म्हणजे संवत १९५६ चा, छप्पन्नचा दुष्काळ आला. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. याच दुष्काळात, जानेवारी १९०० मध्ये, पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक होते माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर. प्रकाशनाची जबाबदारी वामन बळीराम लाखे यांनी घेतली. तिघेही मराठी घरांतले. लोक अन्नाला महाग झालेले असताना मासिक काढणे हा कोरडा आशावाद वाटू शकतो. ते तीन वर्षे चालले आणि पैशाअभावी बंद पडले. सप्रे पुढे हिंदी गद्याचे एक शिल्पकार म्हणून मान्यता पावले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि त्याची टोचणी त्यांना दीर्घकाळ छळत राहिली. भय आपले असो की आप्तांचे, त्याची किंमत माणसाला अशीही मोजावी लागते.

बँकेच्या वाचकांना अधिक जवळचे वाटावे असे नाव मात्र लाखे यांचे आहे. वामनराव लाखे (१८७२-१९४८) हे रायपूरचे वकील. दुष्काळाने शेतकऱ्याचे काय होते हे त्यांनी जवळून पाहिले असणार. पहिल्या टप्प्यात घरातले धान संपते, मग भांडी आणि बैल जातात, आणि शेवटी बियाणे खाल्ले जाते. बियाणे खाल्ले की पुढच्या वर्षी पाऊस कितीही चांगला झाला तरी उपयोग नसतो. सावकाराकडून वाढीदिढीने बी उचलावे लागते. दिढी म्हणजे पेरणीला घेतलेल्या एका खंडीची कापणीला दीड खंडी. अशा रीतीने एका वर्षीची धास्ती पुढच्या अनेक वर्षांची आशा गहाण टाकते.

यावर उपाय युरोपात सापडलेला होता. जर्मनीत फ्रीडरिक राइफायझेन यांनी १८४६-४७ च्या उपासमारीनंतर शेतकऱ्यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न सुरू केले आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे पतसंस्था उभी केली. एकट्या शेतकऱ्याला कर्ज देण्यास कोणी तयार नसेल तर गावाने मिळून, सर्वांनी सर्वांसाठी जबाबदार राहून, कर्ज उभारावे ही त्यातील कल्पना. भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला आणि १९१२ च्या सुधारित कायद्याने अशा संस्थांना पैसा पुरविणाऱ्या मध्यवर्ती बँकांची वाट मोकळी केली. दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, लाखे यांनी रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन केली आणि पुढे दोन तपांहून थोडा कमी काळ तिचा कारभार वाहिला. सरकारने दिलेली ‘रावसाहेब’ ही पदवी त्यांनी असहकाराच्या चळवळीत परत केली. १९४५ मध्ये बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी काढण्यात त्यांचाच पुढाकार होता. रायपूरचे लाखेनगर त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

सहकारी पतपुरवठ्याचे तत्त्व या मातीला नवे नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे. पौष पौर्णिमेला छत्तीसगडात ‘छेरछेरा’ असतो. खळ्यावरून धान घरी आलेले असते. मुले आणि मोठी माणसेही घरोघर जाऊन धान मागतात आणि कोणालाही विन्मुख पाठवायचे नसते. अनेक गावांत असे गोळा झालेले धान ‘रामकोठी’त, म्हणजे गावाच्या सामाईक कोठीत, पडते. ज्याचे घर पावसाळ्याच्या तोंडावर रिते होते तो तेथून धान नेतो आणि कापणीनंतर थोडी भर घालून परत करतो. ठेव, कर्ज, व्याज आणि परतफेड ही सारी अंगे त्यात आहेत. एकच उणीव मोठी आहे. साऱ्या गावाचे पीक एकाच वर्षी बुडाले तर रामकोठीही रिकामी होते. गावाची कोठी तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला आणि जिल्ह्याची देशाला जोडली गेली तरच एका ठिकाणचा दुष्काळ दुसऱ्या ठिकाणच्या सुगीवर तरून जाऊ शकतो. १९१३ ची मध्यवर्ती बँक हे त्या दिशेचे पाऊल होते.

भीती संसर्गजन्य असते याचा दाखला बँकिंगच्या इतिहासात आहे. १९६० मध्ये केरळातील पालाई सेंट्रल बँक बुडाल्यावर इतर बँकांच्या ठेवीदारांनाही घोर लागला. बँक बुडेल या भीतीने सर्वांनी एकदम पैसे काढले तर सुस्थितीतली बँकही बुडू शकते; पावसाच्या भीतीने मात्र पाऊस थांबत नाही. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला तेव्हा संरक्षण अवघ्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला होते. २०२० मध्ये ते १ लाखावरून ५ लाखांवर नेण्यात आले.

पिकाच्या विम्याची कल्पना त्याहून जुनी आहे. म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये पर्जन्यमानावर आधारलेल्या विम्याची सविस्तर योजना पुस्तकरूपाने मांडली होती. देशव्यापी योजना यायला १९८५ उजाडले. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य पिकांसाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्के इतकाच ठेवण्यात आला. शाखेत हा अर्ज भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्याने ग्राहकाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. सर्वसाधारणपणे भरपाई त्याच्या एकट्याच्या बांधीवरून ठरत नाही. अधिसूचित क्षेत्रातील पीक कापणी प्रयोगांत येणाऱ्या सरासरी उत्पादनावरून ठरते. गारपीट किंवा पिकात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तींची पाहणी तेवढी स्वतंत्र होते. हे आधी न सांगितल्यास हप्ता भरणाऱ्याच्या मनात चुकीची आशा तयार होते, आणि फसलेली आशा पुढच्या वर्षीच्या धास्तीपेक्षा अधिक नुकसान करते. असा ग्राहक पुन्हा विमा काढत नाही.

बियाण्यांची बँक

रायपुरात आणखी एक बँक आहे, तिच्यात पैसा ठेवला जात नाही. डॉ. राधेलाल रिछारिया (१९०९-१९९६) हे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशी बुटक्या वाणांचे बियाणे पुरेशी तपासणी न करता आणण्यास त्यांनी विरोध केला आणि त्यात त्यांचे पद गेले. १९७० च्या दशकात ते रायपूरच्या भात संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी गावोगावचे देशी धान जमविण्यास सुरुवात केली. हा संग्रह सुमारे १९ हजार नमुन्यांपर्यंत गेला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आज धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा संग्रह याहून मोठा. पण एका प्रदेशाच्या शेतकऱ्यांनी घडविलेली एवढी विविधता क्वचितच एका छताखाली आढळते.

रिछारियांना धास्ती होती ती हे वाण नाहीसे होण्याची. ती निराधार नव्हती. एकच अधिक उत्पन्नाचे वाण सर्वत्र पसरले की घरची जुनी बियाणी दोन-तीन हंगामांत संपतात. आणि जे बी आज निरुपयोगी वाटते त्याची उद्या गरज पडणार नाही, असे कोण सांगू शकतो? ओडिशातील एका जुन्या देशी धानात पाण्याखाली दोन आठवडे तग धरण्याचा गुण होता. तो ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात उतरवून तयार झालेले ‘स्वर्णा-सब-१’ २००९ मध्ये पूरग्रस्त भागांसाठी प्रसारित झाले. धमतरीच्या नगरी भागातील सुवासिक ‘दुबराज’ उंच वाढून लोळतो आणि उशिरा येतो म्हणून मागे पडत चालला होता. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने विद्यापीठाने त्याचे बुटके, लवकर येणारे वाण सिद्ध केले. मूळ ‘नगरी दुबराज’ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

२००२ च्या त्याच दुष्काळी वर्षाच्या अखेरीस हा संग्रह वादात सापडला. एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी संशोधनाचा करार करण्याचे विद्यापीठाने योजिले होते. नवे तंत्रज्ञान आणि निधी मिळेल ही एका बाजूची आशा. शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी जपलेले धन कोणाच्या तरी मालकीचे होईल ही दुसऱ्या बाजूची धास्ती. शेतकरी संघटना, शास्त्रज्ञ आणि नागरिक यांनी आवाज उठविला, आणि डिसेंबरमध्ये कंपनीने माघार घेतली. आशा खोटी होती असे म्हणता येत नाही. परंतु धास्ती बाळगणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न अधिक नेमका होता. ठेवीदार कोण, आणि ठेव काढण्याचा अधिकार कोणाचा, हे त्यांनी विचारले. कोणत्याही बँकेत हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटलेला असावा लागतो.

बियाण्यांच्या बँकेत ठेव नुसती पडून राहत नाही. बी सुकवून त्यातील ओलावा अगदी कमी करतात, हवाबंद पाकिटात घालून थंड खोलीत ठेवतात. दीर्घ मुदतीसाठी उणे १८ अंशांपर्यंत तापमान राखतात. तरीही बी हळूहळू म्हातारे होते. ठरावीक काळाने थोडे दाणे काढून ओल्या कागदावर उगवून पाहतात. उगवण घटू लागली की पाकीट फोडावे लागते आणि बी शेतात पेरावे लागते. मग त्या लहानशा वाफ्याची राखण सुरू होते. शेजारच्या वाणाचा परागकण येऊ नये, पाखरांनी लोंब्या खाऊ नयेत, कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस येऊ नये. नवे दाणे हाती आले की ते सुकवून, मोजून, जुन्याच क्रमांकाच्या नव्या पाकिटात भरले जातात.